खिशातला फ्यूज

विजेला माझ्या मामेसासऱ्यांइतकं घाबरणारा माणूस सगळ्या यवतमाळ जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, आणि चाळीस वर्षं त्यांनी पोटासाठी लोकांच्या घरात वीजच जोडली. बायकोचे हे थोरले मामा, म्हणून माझेही मामा. राहतात घाटंजीला. माझ्या लग्नात नवरीचे मामा म्हणून त्यांना मानानं स्टेजवर बोलावलं, तर ते पायरीपाशीच थबकले. स्टेज लोखंडी पाइपांचं, त्यावर रोषणाईच्या माळा. नव्या कपड्यांवर रबरी चपला घालून आलेल्या मामांनी हातातली फुलं खालूनच आमच्या अंगावर टाकली आणि ओरडले, "बापू, त्या खांबाले हात नका लावू!" जावयाशी त्यांचं हे पहिलं बोलणं. लग्नाच्या सगळ्या फोटोंत मी दोन्ही हात छातीशी आवळून उभा आहे आणि लोक अजून विचारतात, तुला त्या दिवशी थंडी वाजत होती का?

मामा बटण दाबतात तेही तोंड बाजूला करून. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून टेस्टरचीच परीक्षा घेतात, मग बंद पॉइंटवर, मग पुन्हा चालू पॉइंटवर, कारण मधल्या वेळात तो बिघडला असला तर? एवढं करूनही तारेला पहिला स्पर्श उलट्या हातानं. "सुलट्या हातानं धरलं तं मूठ आवळते, सुटत नाई," हे ते पाहुण्यांना पोह्यांबरोबर सांगतात. उन्हाळ्याच्या तोंडावर कूलर माळ्यावरून खाली उतरले की मामांची झोप उडायची. आमच्याकडे कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही, आणि त्या ओल्या पत्र्याला हात लागून दरवर्षी कोणीतरी जातंच. पिशवीत टेस्टर टाकून मामा एसटीनं एकेका नातेवाइकाकडे जायचे, कूलरला चारी बाजूंनी टेस्टर लावायचे, पाणी भरण्याआधी बटण बंद करायची घरातल्या प्रत्येकाला शपथ घालायचे आणि पुढच्या घरी जायचे. मामी त्यांना सगळ्यांसमोर भेकड म्हणतात. ते मान खाली घालून ऐकून घेतात.

त्यांचा खरा विश्वास एकाच गोष्टीवर. कामाला हात घालण्याआधी मेन बोर्डावरचा चिनी मातीचा फ्यूज उपटायचा आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचा. नव्या घरांतल्या एमसीबीच्या खटक्यावर त्यांचा भरवसा नाही. "खटका कोणीबी वर करते, बापू. फ्यूज खिशात असला म्हणजे करंट आपल्या खिशात." आम्ही भाड्याच्या घरात असताना एकदा त्यांनी आमचा पंखा दुरुस्त केला, चहा घेतला आणि खिशात आमचा फ्यूज तसाच घेऊन घाटंजी गाठली. मी वैतागून फोन केला. मामांनी खिसा चाचपला. मग अगदी समाधानानं म्हणाले, "राहू द्या आता. सकाळी आणतो. आज तुमच्या घरी कोणाले काई होत नाई."

यवतमाळला मी घर बांधायला काढलं तेव्हा वायरिंग दुसऱ्या कोणाला देणं म्हणजे सोयरीक मोडण्यासारखंच होतं. वायर घ्यायला आम्ही दुकानात गेलो, तिथं अर्धा दिवस गेला. मामांनी बंडलाचं टोक दातानं सोललं, आतले तांब्याचे केस मोजले, बोटभर तुकडा काडीनं पेटवला आणि ज्योत आपोआप विझते का ते नाक लावून पाहिलं. दुकानदार शेवटी म्हणाला, "काका, सोनं घेऊन राह्यले का?" मामा म्हणाले, "सोनं घराले आग नाई लावत." दिव्यांना दीड एमएमची वायर, प्लगला अडीचची, कूलर आणि गिझरला चारची, आणि सगळीकडे हिरवी सोबत. हिरवी म्हणजे अर्थिंग. कूलरच्या पत्र्यात करंट उतरलाच तर तो जमिनीत नेऊन सोडणारी. लाल-काळीपेक्षा मामांचा जीव तिच्यावर जास्त.

भिंतीतल्या पाइपातून वायर ओढायला दोन माणसं लागतात. एकानं पावडर चोळत वायर आत सोडायची, दुसऱ्यानं पलीकडून स्प्रिंगनं ओढायची. पूर्वी दुसऱ्या टोकाला मामी असायच्या. उजव्या हाताची दोन बोटं भाजून आखडली, असं आम्हाला सांगितलेलं, तेव्हापासून त्यांनी ते सोडलं, म्हणून मी रजा टाकून उभा राहिलो. मामा पाइपाला तोंड लावून विचारायचे, "आली का?" आणि भिंतीतून येणारा तो आवाज ऐकून मी दचकायचो. नियम दोनच. वायर पलीकडे पोचल्याशिवाय बंडलापासून कापायची नाही. आणि पाइपाच्या आत जोड द्यायचा नाही, म्हणजे नाहीच. "जोड डोळ्याले दिसला पाह्यजे. भिंतीतला जोड आपल्या मागं लागते."

तर एका दुपारी मामा जेवायला बसले आणि मला कर्तबगारी दाखवायची हुक्की आली. मागच्या खोलीच्या, कूलरच्या पॉइंटची लाइन राहिली होती. लाल, काळी बंडलातूनच सोडली. हिरवीचं बंडल लांब पडलं होतं, ते आणायचा कंटाळा केला आणि अंदाजानं तुकडा कापला. दोन्ही टोकांना मीच धावत होतो. वायरी निम्म्याहून पुढे गेल्यावर पाहतो तर हिरवीचं शेपूट चार बोटं उरलेलं आणि जायचं अजून हातभर. सगळं बाहेर काढून पुन्हा ओढायला हवं होतं, पण मामांचा हात धुण्याचा आवाज आला. मी घाईनं हातभर तुकडा पिळून जोडला, वर टेप गुंडाळली आणि ओढलं. पहिल्या वळणाशी हाताला बारीकसा झटका लागला. काहीतरी निसटल्यासारखा. मामा आले, तिन्ही टोकं पाहून खूश झाले. "बापू, तुमी तं शिकले!" मी टेपचं रीळ खिशात सरकवलं.

हिवाळा बरा गेला. ऊन तापलं आणि तो झटका माझ्या हातात पुन्हा जिवंत झाला. मागची खोली माझ्या मुलीची, आणि कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतायचं काम तिच्या हौसेचं. बायकोनं कूलर धुऊन खिडकीशी लावला. पहिले चार दिवस मी अजून तेवढं गरम होत नाही असं सांगत घाम पुसत फिरलो. मग पंप बिघडला म्हणून काढून ऑफिसात नेऊन ठेवला. मुलगी नुसती खिडकीजवळ गेली तरी मी ओरडायचो. ऑफिसात फोन वाजला की वाटायचं, घरचाच असेल, आणि मी तो उचलायचो तोही उलट्या हातानं. बायको म्हणाली, "तुम्हाले मामाची लागण झाली का?" एका सकाळी पोरीच्या हातात बादली दिसली. बादली हिसकून घेतली, खोलीला कुलूप घातलं आणि घाटंजीची एसटी पकडली.

मामा अंगणात बसले होते. सगळं सांगून झालं तेव्हा ते मला शिव्या देतील असं वाटलं होतं. त्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते उठले, रबरी चपला घातल्या, पिशवी घेतली. एसटी अर्ध्या वाटेवर आली. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तुमच्या मामीची बोटं भाजल्यानं नाई आखडली. कूलरनं धरलं व्हतं तिले. आमच्या घरची लाइन म्याच ओढली व्हती. हिरवी हातभर कमी पडली, म्या जोड देल्ला. तिले वाटते, कूलरच खराब व्हता. आजलोक सांगतलं नाई म्या. धाडसच नाई झालं."

घरी मेन बंद करून आम्ही दोन टोकांना बसलो. लाल आली, काळी आली. मी माझ्या बाजूनं ओढलेली हिरवी बाहेर आली ती नुसतीच, टोकाला सैल टेपची पुंगळी घेऊन. उरलेला तुकडा मामांच्या बाजूनं निघाला. म्हणजे इतके दिवस भिंतीत ती तुटलेलीच होती. मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि मला रडू आलं. मामांनी नवी हिरवी बंडलातून सोडली, पाइपाला तोंड लावलं आणि नेहमीसारखंच विचारलं, "आली का?" ती पूर्ण आली तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमी सांगतलं, बापू."

आता नजर मंद झाल्यानं मामांना हिरवी आणि काळी नीट ओळखू येत नाही. ज्या दिवशी त्यांना हे कळलं त्याच दिवशी त्यांनी पिशवी माझ्याकडे दिली. उन्हाळ्याच्या तोंडावर नातेवाइकांच्या घरी मीच जातो, शेवटी त्यांच्याकडे. यंदा मेन बंद करून त्यांच्या कूलरची वायर आवळत होतो, मामा ओसरीवर डुलकी घेत होते. मामी चहा घेऊन आल्या. मी म्हटलं, "मामी, मामांना भेकड नका म्हणत जाऊ." त्यांनी कप आखडलेल्या बोटांत अडकवून धरला होता.

"मले त्या जोडाचं माहीत हाय, बापू," त्या हळूच म्हणाल्या. "पाइपाच्या दुसऱ्या टोकाले मीच तं व्हती. ओढताना झटका लागला माह्या हाताले. कायतरी सुटलं, समजलं मले. पाहुणे यायचे व्हते, घाई व्हती, म्या बी बोलली नाई. मंग त्यायलेच एकट्यायले कसं बोलू?"

"मग त्यांना सांगत का नाही?"

त्यांनी ओसरीकडे पाहिलं. "सांगीन," म्हणाल्या, आणि कप माझ्यापुढे ठेवला.

यवतमाळच्या बसस्टँडवर उतरून खिशात हात घातला तर मामांच्या घरचा फ्यूज. एवढ्या उन्हात दोन म्हातारी माणसं पंख्याविना, आणि घाटंजीची पुढची गाडी उशिरा. मी घाबरून फोन लावला. मामांनी ऐकून घेतलं. मागे बाज ओढल्याचा आवाज आला आणि मामी म्हणत होत्या, "इकडं या, सावलीत बसा. मले काई सांगाचं हाय तुमाले."

"राहू द्या, बापू," मामा म्हणाले. "सकाळी आणा. आज आमच्या घरी कोणाले काई होत नाई."

फोन बंद झाल्यावरही मी कितीतरी वेळ खिशावर हात ठेवून उभा होतो.