विटांवरचा पांढरा डाग

सर्व आप्तेष्ट, शेजारीपाजारी आणि पेरूच्या झाडावरचे समस्त पोपट यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या देवासच्या घरामागच्या अंगणात विटांची फरशी बसली आणि तिसऱ्याच दिवशी तिच्यावर भूत उमटले.

भूत मला नवे नाही. धारच्या शाळेत मी गणित शिकवते, पण मुलांच्या लक्षात राहतात त्या माझ्या भुताच्या गोष्टी. उलट्या पावलांची बाई मी अशी चालून दाखवते की मागच्या बाकावरचे दांडगटही दप्तर छातीशी धरतात.

तर अशी मी, रजा टाकून, हे फरशीचे काम काढले ते आईसाठी. बाबा गेल्यापासून, म्हणजे दीड वर्ष, ती मागच्या अंगणात आली नव्हती. कपडे पुढच्या गॅलरीत वाळत घाली, मागे झाड असून कढीपत्ता बाजारातून आणी. बाबांचे नाव काढत नसे. रडलीही नव्हती. शेवटचा महिना बाबांच्या घशात नळी होती. ते तिच्याशी एक शब्द न बोलता गेले, आणि तेव्हापासून तीही गप्पच. मला वाटले, मागे गवत-चिखलाऐवजी लाल, कोरडी, देखणी जागा झाली, दोन खुर्च्या टाकल्या, की येईल.

"ये ना बघायला," मी रोज म्हणे.

"दिसतंय खिडकीतनं," ती म्हणे. खिडकी बंद असायची.

मिस्त्री हाटपिपल्याचा. आमची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात फाटते, म्हणून त्याने ती हातभर उकरली, मुरूम ठोकला, वर रेती पसरली आणि दोरी ताणून एकेक वीट सिमेंटात बसवली. "आठ दिन पानी पिलाओ दीदी, फिर इसपे बरात नचा लेना."

तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची नळी घेऊन गेले, तर पेरूखाली पांढरा डाग. एक माणूस उभा राहील एवढा. काथ्याने घासला, गेला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तिथेच, जरा मोठा. बाकीची फरशी लालभडक. पुन्हा घासला. त्यानंतरच्या सकाळी घासायला वाकले आणि एकदम लक्षात आले, मी कुठे वाकले आहे ते. ही बाबांची जागा. रोज पहाटे ते इथेच उभे राहत, देवीच्या टेकडीकडे तोंड करून. वारा नव्हता, तरी मानेवर कुणी तरी श्वास सोडल्यासारखे झाले. उलट्या पावलांची बाई सुलट्या पावलांनी स्वयंपाकघरात पळाली. आईला मी काही सांगितले नाही.

मिस्त्रीला बोलावले. त्याने डागावर बोट फिरवले, जिभेला लावले.

"भूत-वूत कुछ नी दीदी, लोना है. नमक. पर सिर्फ इत्ती-सी जगे? यहाँ बोरा गाड़ा था क्या नमक का?"

मी हसायला लागले आणि हसता हसता विटांवरच बसले. चाळीस वर्षे! आरतीत आपलाच आवाज वर लागावा म्हणून बाबा रोज पहाटे तांब्याभर गरम पाण्यात मूठभर मीठ टाकून, याच जागी, अख्खी गल्ली जागी होईल अशा गुळण्या करत. ते सगळे मीठ खोलवरच्या मातीने ठेवून घेतले होते. आता मी पाणी पाजले, तसे ते विटांतून वर येत होते.

"तेजाब मार दूँ? एक मिनट में साफ," मिस्त्रीने ॲसिडच्या बाटलीचे बूच काढले.

मागच्या दाराची कडी वाजली. खिडकी बंद होती, पण आईने सारे ऐकले होते. ती अनवाणी, ओल्या विटांवरून, तरातरा डागापाशी आली. मिस्त्री बाटलीसकट बाजूला झाला. आमच्याकडे तिने पाहिलेच नाही. पाहिले ते डागाच्या वर, उभ्या माणसाचे तोंड असते तेवढ्या उंचीवर. आणि ती कडाडली,

"अहो, कितीदा सांगितलं, मोरीत जाऊन गुळण्या करा म्हणून! आता बघा, लेकीची नवी कोरी फरशी नासलीत ना!"