भूकंपवाल्यांची लालबाग सहल

नाताळच्या सुट्टीत मुंबईची माणसं डहाणूला येतात, हा जगाचा नियम आहे. आमच्या चिकूच्या वाडीत पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत आणि या सुट्टीसाठी त्या दिवाळीतच भरून जातात. यंदाही भरल्या होत्या. मग आदल्या आठवड्यात आमच्याकडे जमीन दोनदा हलली, टीव्हीवर लाल पट्टीत बातमी आली आणि दोन्ही कुटुंबांचे फार गोड आवाजात फोन आले. एका घरात अचानक ताप आला होता. दुसऱ्यांनी सरळच विचारलं, "तुम्ही तिथे झोपता कसे?"

झोपतो की. गेली काही वर्षं आमच्या किनाऱ्याला हे अधूनमधून चालूच आहे. आधी जमिनीतून गडगड, मग भांडी, मग कुत्री. आम्ही अंगणात येतो, शेजारी त्यांच्या अंगणात येतात, कोणी म्हणतं तीनचा असेल, कोणी म्हणतं छे, कमीच, आणि सगळे जमलेच आहेत तर चहा होतो. माझी लेक अन्वी चौथीत आहे. शाळेत शिकवल्याप्रमाणे डोक्यावर दप्तर धरून ती सगळ्यांच्या आधी बाहेर असते.

तिसरा फोन अप्पांचा. अप्पा म्हणजे माझे वडील. लालबागच्या चाळीत एकटे राहतात. प्रत्येक धक्क्यानंतर त्यांचा फोन येतो आणि ते एवढंच म्हणतात, "निघा तिथून." या वेळी पुढे एक पुरवणी होती. परळला भाड्याची जागा शोधून ठेवली आहे, येऊन बघून जा. खोल्या रिकाम्या, अन्वीला सुट्टी. माझा नवरा मिलिंद म्हणाला, लोक आपल्याकडे समुद्र बघायला येतात, आपण त्यांच्याकडे सुरक्षितता बघायला जाऊ.

तुम्हीही डहाणूहून गाडीने जाणार असाल तर उजाडताच निघा. महामार्गावर मनोरला मिसळ बरी मिळते, तिघांचं तीनशे रुपयांत भागतं. पुढे वसईच्या खाडीच्या पुलावर अख्खा महाराष्ट्र आणि अर्धा गुजरात एकत्र उभा असतो. घरातली भांडणं तिथे मिटवून घ्यावीत, वेळ पुरतो. लालबागमध्ये गाडी लावायला जागा शोधण्याच्या फंदात पडू नका. आम्ही परळला पैसे भरून वाहनतळात ठेवली आणि परत निघेपर्यंत तिचं तोंड पाहिलं नाही.

अप्पा उड्डाणपुलाखाली इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. बॅगा समोरच्या ओळखीच्या दुकानात ठेवू म्हणाले, आधी फिरून घेऊ. चिवड्याच्या दुकानांपुढून नेलं, मसाल्याच्या गल्लीत नेलं. तिथे मिरच्या कांडणं चालू होतं. नाकाला रुमाल लावून जा, नाहीतर मिलिंदसारखं होईल. त्याच्या शिंकांनी एक दुकानदार घाबरून पाणी घेऊन बाहेर आला. मग बसने दादर. थालीपीठ, पियूष, फुलबाजार. संध्याकाळ झाली, माझे पाय बोलायला लागले, तरी अप्पा म्हणत होते की शिवाजी पार्कला एक फेरी मारू. माझ्याच माहेरी मला नेण्याचं हा माणूस का टाळतोय, ते तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

चाळीच्या जिन्याच्या तोंडाशी लोखंडी टेकू उभे होते. वर गॅलरीखाली लाकडी. भिंतीवर पाटी होती, इमारत अतिधोकादायक, कोणी राहू नये.

"गणपतीच्या मांडवाचं सामान आहे," अप्पा म्हणाले.

मिलिंदने मान वर करून टेकू कुठवर जातो ते बघितलं. "अप्पा, अजून उन्हाळा जायचाय. अर्धा पावसाळा जायचाय."

"मंडळ मोठं आहे," असं म्हणून अप्पा चढायला लागले. त्यांचा गुडघा कुरकुरतो, दर दोन पायऱ्यांनी थांबतात. टेकूंमुळे जिन्यात एका वेळी एकच माणूस मावतं. आम्ही मागे रांगेत.

बाकीचं शेजारच्या सावंतकाकूंनी सांगितलं, तळलेल्या बोंबलांचं ताट आणून देता देता. टेकू गेल्या पावसाळ्यापासून आहेत. निम्मी बिऱ्हाडं निघून गेली. आणि शुभदाला, म्हणजे मला, सांगायचं नाही, अशी अप्पांनी सगळ्या मजल्याला तंबी दिलेली. मी अप्पांकडे बघितलं, अप्पांनी बोंबलाकडे. दर धक्क्याला मला निघा म्हणणारा माणूस स्वतः लाकडावर टेकवलेल्या घरात झोपत होता. त्या संध्याकाळी मी त्यांच्याशी फक्त मीठ द्या एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी परळची जागा. बाविसाव्या मजल्यावर. खिडकीतून अर्धी मुंबई आणि बोटभर समुद्र. अप्पा असे उभे होते की जणू इमारत त्यांनीच बांधली. मिलिंदने एजंटला पहिला प्रश्न विचारला तो जिना कुठे आहे हा. एजंट म्हणाला, सर, चार लिफ्ट आहेत. अन्वीने त्याला समजावून सांगितलं की भूकंपात लिफ्ट वापरायची नसते. मग मायलेकी आणि बाप मिळून आम्ही जिना बघायला गेलो, तो रुंद होता, आम्ही त्याचं कौतुक केलं. एजंटने इतकी वर्षं घरं दाखवली असतील, पण जिन्यावर खूश झालेलं गिऱ्हाईक त्याला बहुधा पहिल्यांदाच भेटलं.

परत येऊन मिलिंद म्हणाला, "जागा फार छान आहे अप्पा. तुम्ही इथे या राहायला."

अप्पांनी खिडकी लावून घेतली.

मग दादरहून भुयारी मेट्रोने गिरगावला गेलो. गार, चकाचक, वीसपंचवीस मिनिटांचं काम. लहान मुलं असतील तर जरूर न्या. सरकत्या जिन्यावरून खाली खाली जाताना मिलिंद पुटपुटला की जमिनीच्या वर राहूनच आपलं तिच्याशी जमत नाही, आत कशाला चाललोय. गिरगावात उसळ आणि कोथिंबीर वडी खाल्ली, वाड्यांमधून रमतगमत चौपाटीवर आलो. अन्वी आणि मिलिंद वाळूत किल्ला करायला बसले आणि अप्पा कधी नव्हे ते आपणहून बोलायला लागले. समोरच्या चाळीतले लोक असेच थोड्या दिवसांसाठी म्हणून बाहेर गेले. जिथे पाठवलं तिथे ओळखीचं कोणी नाही, दवाखाना लांब. त्यांच्या कॅरमच्या टोळीतले दोघं तिकडेच वारले.

"सांगितलं असतंत तर?" मी विचारलं.

"तू फोनवर जे बोलली असतीस ना, तेच मी तुला दर वेळी बोलतो. मला माहीत आहे ऐकायला कसं वाटतं."

आम्ही भेळ घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लालबागमध्ये इतिहास घडवला. अप्पा गालाला साबण लावून आरशासमोर, मी चहा गाळत होते, अन्वी केस विंचरत होती. अचानक जमिनीतून धम्म झालं आणि मांडणीवरची भांडी वाजायला लागली. आता या बाबतीत आम्ही डहाणूकर डोक्याने चालत नाही, पायांनी चालतो. मी ओरडले, बाहेर, आणि थेट चाळीच्या चौकात पोचले. मागोमाग मिलिंद, हातात चहाची गाळणी. ती त्याच्याकडे कशी गेली ते अजून कळलेलं नाही.

वर गॅलरीभर माणसं जमली आणि हसत सुटली. सावंतकाकू कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "अगो शुभा, भूकंप नाय गो. बाजूक टॉवराचा पायलिंग चालू आसा. रोजचाच ता." शेजारी नव्या टॉवरच्या पायासाठी जमिनीत खांब ठोकत होते.

मीही हसणार होते. पण अन्वी कुठे दिसेना. जी कायम सगळ्यांच्या पुढे असते, ती.

मी जिन्याकडे बघितलं. अप्पा मधल्या वळणावर होते, अर्धा गाल पांढरा, एक हात टेकूवर. एक पायरी उतरत होते, थांबत होते. त्यांच्या मागे, सहलीलाही सोबत आणलेलं दप्तर डोक्यावर धरून अन्वी. पुढे जायला वाट नव्हती आणि ती मागतही नव्हती. त्यांना सांगत होती, "आजोबा, सावकाश. मी आहे मागे."

दोघं खाली आली तेव्हा हसणं आपोआप बंद पडलं होतं. सावंतकाकूंनी वरूनच विचारलं, "पण खराच काय झाला तर रवाचा खंय?" मिलिंदने चौकाकडे बघितलं. मोटारसायकली, पाण्याची पिंपं, कोणाचंतरी मोडकं कपाट. उभं राहायला जागा आम्हा चौघांनाच जेमतेम होती. तो म्हणाला, आधी हे हलवा. दुपारपर्यंत चाळीतल्या लोकांनी खरंच हलवलं, आणि आपली बाइक कुठे लावायची यावरून दोघांची कडाक्याची भांडणंही झाली.

अप्पांनी राहिलेली दाढी केली. जेवताना भात कालवता कालवता थांबले.

"पोर माझ्या मागे होती, शुभा. खरंच काही झालं असतं तर मी तिच्या वाटेत होतो."

अन्वी म्हणाली की तिला घाई नव्हती. अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

संध्याकाळी त्यांनी आम्हाला दोन गल्ल्या पलीकडे नेलं. तळमजल्याची खोली, पुढे ओटा, ओट्यावर कॅरम मावेल एवढी जागा. ही त्यांनी कधीच बघून ठेवली होती. फक्त हो म्हणणं बाकी होतं. जुन्या खोलीवरचा हक्क सोडणार नाही, रोज तिथे खाली जाऊन गप्पा मारणार, पण झोपायला इथे, असं त्यांनी घरमालकापेक्षा मलाच जास्त ठणकावून सांगितलं. मीही सांगून टाकलं की आम्ही वाडी सोडणार नाही. ते बरं म्हणाले. आवाज नाराजच होता, पण म्हणाले.

हे लिहितेय तेव्हा अप्पा त्या खोलीत राहायला गेले आहेत आणि तिथल्या डासांबद्दल रोज तक्रार करतात. सावंतकाकूंचं बिऱ्हाडही महिनाअखेरीला हलतंय. तुम्ही लालबागला गेलात तर मालवणी मसाला घ्या, थोडाच घ्या, आमच्या गाडीला अजून त्याचा वास येतो.

परत आलो त्या दुपारी मिलिंद बॅगा उतरवून घरभर फिरत होता. मग मागच्या खोलीत जाऊन उभा राहिला. तिथे मागच्या दाराला लागून आमचं गोदरेजचं कपाट आहे. ते दार आम्ही शेवटचं कधी उघडलं, दोघांनाही आठवेना. अख्ख्या चाळीला मोकळ्या वाटेवर व्याख्यान देऊन आलेली माणसं आम्ही. एकमेकांकडे बघायचं टाळत आम्ही कपाट ओढलं. कडीला गंज होता, खोबरेल ओतलं, मिलिंदने दोन लाथा घातल्या.

दार उघडलं. समोर चिकूची झाडं, वाळलेला पाला, ऊन. आम्ही दोघं बाजूला झालो आणि अन्वी पुढे गेली.