दिग्रस ते यवतमाळ, मांडीवर हार्ड डिस्क घेऊन

यवतमाळला आम्ही फिरायला जात नाही. दवाखाना, कोर्ट, नाहीतर लग्नाचा बस्ता, या तीन कामांशिवाय दिग्रसचं माणूस तिकडं जात असेल तर मला दाखवा. मी गेले हार्ड डिस्क घ्यायला. पेपरातून एक गुलाबी चिठ्ठी घरात पडली होती: यवतमाळचं एक कॉम्प्युटरचं दुकान बंद होतंय, उरलेला माल सवलतीत. बाहेर साडेतीन हजाराला मिळणारी डिस्क अडीच हजारात. माझी घरची डिस्क दिवाळीपासून टिकटिक करत होती. संक्रांत उलटली, तरी मी आपली आज जाऊ, उद्या जाऊ करत बसले होते. चिठ्ठी पाहिली आणि दिरांना म्हटलं, चला.

नवीन वाचकांसाठी सांगते. आमचा दिग्रसला छोटा फोटो स्टुडिओ आहे. माझा नवरा किशोर लग्नांचं शूटिंग करायचा आणि मी घरी बसून मिक्सिंग, म्हणजे त्याने आणलेलं चित्रण कापायचं, जोडायचं, वर गाणी टाकायची. दोन वर्षांपूर्वी काविळीनं तो गेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, आयुष्यभर दुसऱ्याचे फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा धड फोटो नाही. भिंतीवर आहे तो पासपोर्ट फोटो मोठा केलेला. व्हिडिओत तर तो कुठंच नाही, कारण तो कायम कॅमेऱ्याच्या मागं.

पण त्याचा आवाज होता. त्याला सवय होती, शूटिंग करता करता माझ्यासाठी निरोप बोलून ठेवायची. "वंदना, इथून घेजो." "वंदना, हे मामा सारखे आडवे येऊन राह्यले, यायले काप." कानाला हेडफोन लावून मी दिवसभर त्याचं ऐकायची आणि ऐकलं की त्याचा आवाज पुसून तिथं सिनेमाचं गाणं टाकायची. कामच होतं ते. शेकडो घरी आमच्या डीव्हीडी आहेत, एकीतही किशोर नाही. त्याला मीच काढलं, एकेक करून.

कॅमेऱ्यातून जसंच्या तसं उतरवलेल्या चित्रणाला आम्ही 'रॉ' म्हणतो. डीव्हीडी दिली की जागेसाठी ते पुसून टाकायचं. फक्त त्याच्या शेवटच्या तीन हंगामांचं रॉ पुसायचं राहून गेलं होतं. ते याच टिकटिक करणाऱ्या डिस्कमध्ये होतं, आणि जगात दुसरीकडं कुठंही नव्हतं. तुम्ही विचाराल, बाई, मग दोन वर्षं काय झोपली होतीस का? झोपले नव्हते. फोल्डर उघडायची हिंमत होत नव्हती, एवढंच.

सकाळी आठची एसटी धरली. कोणाला जायचं असेल तर आर्णीमार्गे जाणारी धरा, आणि मागच्या सीटवर चुकूनही बसू नका. डिस्क टॉवेलात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवली होती, डबा मांडीवर. विलासभाऊजी, म्हणजे किशोरचे धाकटे भाऊ, तेही आमच्यातच शूटिंगला असायचे. त्यांनी बजावलं होतं की तिला झटका बसू द्यायचा नाही. त्या रस्त्यावर झटका न बसू देणं म्हणजे चाळणीत पाणी नेणं. प्रत्येक खड्ड्याला मी डब्यासकट वर उचलली जायची. कंडक्टरनं डब्याकडं पाहून विचारलं, काय केलं आज ताई? मी म्हटलं, ठेसा-भाकर. खरं सांगितलं असतं तर त्याला काय कळलं असतं?

भाऊजींचं तोंड एसटी सुटल्यापासून सुरू. कोणत्या कंपनीची डिस्क चांगली, हे दोघा भावांचं जुनं भांडण. भाऊजी निळ्या लेबलवाले, किशोर हिरव्या लेबलवाला. (कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. खाली कॉमेंटमध्ये मारामाऱ्या नकोत.) किशोर ठामपणे सांगायचा की हिरवी कधीच जात नाही. भाऊजींच्या मते हिरवी म्हणजे नुसता दिखावा, निळीचं काम दणकट. जेवताना, गाडीवर, एवढंच काय, दवाखान्यातल्या खाटेवरसुद्धा हे दोघं यावर वाद घालायचे.

आमच्या पुढच्या सीटवर दोन शेतकरी होते. त्यांचंही तेच चाललेलं, फक्त कापसाच्या बियाण्यावरून. एकजण म्हणत होता की मागच्या साली याच पाकिटानं झाड बोंडांनी लदलं होतं. दुसरा शांतपणे म्हणाला, "पाकीट तेच हाय गा. आतलं बी तेच असते काय?" खिडकीबाहेर आर्णीपर्यंत वावरंच वावरं, अर्धी वेचलेली, अर्धी तशीच पांढरी उभी, कारण वेचायची मजुरीही निघत नाही असा भाव होता. ती वर्षंच तशी होती.

त्या वर्षांत आमच्या धंद्याचं काय झालं तेही लिहून ठेवते. लग्नं अंगणात उरकू लागली. व्हिडिओ तर नाहीच, फोटोसुद्धा मोबाइलवर. मात्र दुसरंच एक काम वाढलं. बायका यायच्या, कोणाची सून, कोणाची आई, आणि विचारायच्या, फलाण्याच्या लग्नात आमचे हे होते, तुमच्याजवळ त्यांचा चेहरा निघेल का? मी तासन्‌तास वराती चाळायची, पंगतीत बसलेला माणूस शोधायची, त्याच्या हातातला पत्रावळीचा तुकडा पुसायची, मागं निळा रंग भरायची आणि हार घालण्याजोगा फोटो करून द्यायची. वर तोऱ्यात सांगायची, काळजी करू नका बाई, आपल्याकडं सगळं जपून ठेवलेलं असतं. त्या सगळ्या माणसांचे चेहरेही याच डिस्कमध्ये होते.

साडेदहाला यवतमाळ. स्टँडसमोर आलूबोंडा आणि वर तर्री, प्लेट दहा रुपये, डोळ्यात पाणी आणणारी. खाणाऱ्यांनी जरूर खावी. मला गेली नाही. दुकान दत्त चौकाच्या अलीकडं एका गल्लीत. अर्धी कपाटं रिकामी, काउंटरवर गर्दी, आणि गर्दीत तोच वाद. एक सायबर कॅफेवाला निळीची शपथ घेत होता, एक कॉलेजचे सर हिरवीची. दुकानदार म्हणजे पिकल्या केसांचे, चष्मा दोरीला बांधलेले काका. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बारा वर्षं मी दोन्ही इकल्या. दोन्ही परत आल्या. ज्याच्याजवळ दोन ठिकाणी होतं, तो रडत नाही आला, बस."

मी एक निळी, एक हिरवी घेतली.

मग मी डबा उघडला. काकांनी डिस्क कानाशी नेली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी आतल्या टेबलावर मशीनला जोडली, दोन-तीनदा प्रयत्न केला, तेव्हा कुठं फोल्डरांची नावं पडद्यावर आली. मी इतकी आनंदले की उभ्या उभ्या भाऊजींचा हात दाबला. काका मात्र हसले नाहीत.

"ताई, पहिले काय घेऊ? सगळं येईन याचा भरोसा नाही."

आता नीट वाचा, कारण चूक म्हणा की काय म्हणा, ती इथं झाली. किशोरचा एक नियम होता. लाइट जाणार असो, मशीन बंद पडणार असो, घरचं लग्न का असेना, गिऱ्हाईकाचं काम आधी, आपलं मागून. बारा वर्षं मी त्या नियमानं काम केलं. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "गिऱ्हाईकाचं."

"वहिनी, रॉ घ्या ना पहिले," भाऊजी म्हणाले. "दादा त्याच्यात हाय."

मला कळत होतं. पण डोळ्यांपुढं त्या बायका आल्या. त्यांना मी शब्द दिला होता. मी पुन्हा म्हटलं, गिऱ्हाईकाचं आधी.

दोन तास लागले. मी स्टुलावर बसून पडद्यावरची हिरवी पट्टी सरकताना पाहत होते, नवस बोलल्यासारखी. एकूण एक लग्न आलं. भाऊजींनी चहा आणला, तो मी प्यायलेही. मग रॉच्या फोल्डरची पाळी आली. पट्टी निघाली, बोटभर सरकली आणि थांबली. टिकटिक वाढली. मग टिकटिकही बंद झाली. तीन महिने त्या आवाजानं माझा जीव खाल्ला होता, आणि तो थांबला तेव्हा मला वाटलं, पुन्हा सुरू हो गं बाई, एकदाच.

काकांनी आणखी तासभर खटपट केली. (नंतर नागपूरलाही पाठवून पाहिली. आतली तबकडीच खरवडली गेली, असं उत्तर आलं. म्हणून कॉमेंटमध्ये ते सुचवू नका.) शेवटी त्यांनी डिस्क पुन्हा टॉवेलात गुंडाळली, अगदी हळू, आणि माझ्या हातात दिली. मी जे वाचवलं ते सगळं आधीच लोकांच्या घरी होतं. त्यातून किशोरचा आवाज मीच, माझ्या हातानं, पुसलेला होता.

परतीची एसटी तीनची. गाडी स्टँडाबाहेर पडेपर्यंत भाऊजी माझ्या मांडीवरच्या डब्याकडं बघत होते. मग म्हणाले, दादानं तेव्हा निळी घेतली असती तर. माझं डोकंच फिरलं. मी चारचौघांत ओरडले, की तुमचा भाऊ गेला आणि तुम्हाला अजून लेबल दिसतंय. त्यांच्याकडं पाहिलं तर ते रडत होते. चाळीशीचा माणूस, खिडकीला डोकं टेकून, लहान पोरासारखा. मला फार वाईट वाटलं. मी पिशवीतली भाकर काढून त्यांना दिली, ती त्यांनी हातात धरून ठेवली.

आर्णी जवळ आलं तेव्हा ते नाक पुसत अर्धवट हसले. "त्या आर्णीच्या काकूनं किती भांडण केलतं वहिनी, आठवते? दादाचा आवाज राह्यला म्हणून."

मी ताडकन उभी राहिले.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. आर्णीच्या सुशीलाकाकूंच्या मुलीच्या लग्नाचं मिक्सिंग. त्या आठवड्यात तीन कामं अंगावर होती आणि एका ठिकाणी किशोरचा आवाज पुसायचा माझ्याकडून राहिला. पाहुण्यांसमोर डीव्हीडी लावली, सगळे हसले आणि काकू तणतणत दिग्रसला आल्या. मी मान खाली घालून दुसरी करून दिली. पहिली परत मागितली नव्हती.

आर्णीला उतरलो. घर बाजाराच्या मागं, विचारत विचारत सापडलं. काकू आता थकल्या आहेत. जयभीम केला, पाणी दिलं, किशोरचं त्यांना ठाऊकच नव्हतं. मी जे सांगायचं ते सांगितलं आणि विचारलं, ती खराब डीव्हीडी आहे का हो? काकूंचा चेहरा पडला. चांगली पोरीसोबत महागावला गेली, खराब इथंच राहिली. कुठं आहे, ते मात्र त्या सांगेनात. शेवटी जिन्याकडं बोट दाखवलं.

गच्चीवर तूर वाळत होती आणि तिच्यावर दोरीला टांगलेली, पाखरं उडवायला, आमची डीव्हीडी फिरत होती. वरचे नवरानवरीचे चेहरे उन्हानं उडून गेले होते. काकूंनी स्वतः दोरी सोडली. पदरानं डीव्हीडी पुसली आणि म्हणाल्या, "मले मालूम असतं तं मी भांडली नसती व माय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातल्या काकांना फोन केला आणि ते म्हणाले तशी डीव्हीडी साध्या पाण्यानं धुतली, मऊ कापडानं मधून कडेकडे पुसली. (गोल गोल पुसू नये.) प्लेअरनं दोनदा बाहेर फेकली. तिसऱ्यांदा घेतली. चित्राचे चौकोन चौकोन होत होते, लग्न मध्येच अडकत होतं. भाऊजी आणि मी जमिनीवर बसून होतो. हळदीला बसलेली नवरी आली, तिच्या मागून एक बकरी आली आणि तिनं पाटावरचे तांदूळ खायला तोंड घातलं. कॅमेरा हलला. किशोर हसला.

"वंदना, बकरी घुसली बरं मधात. एवढं कापजो."

बस, तेवढंच. पुढं गाणं सुरू होतं, मीच टाकलेलं.

वाचक विचारतात, ताई, कोणती कंपनी घ्यावी? मला ठाऊक नाही. माझ्या निळीत ती बकरी आहे, हिरवीतही आहे, भाऊजींच्या घरी एक आहे, आणि काकूंना नवी डीव्हीडी करून दिली, तिच्यातही आहे. बारा वर्षं तो जे म्हणाला ते मी कापत गेले. हे एवढं मी त्याचं ऐकणार नाही.