मामंजींचा वारा सरला

माझ्या सासऱ्यांच्या आतड्यात चरबीची गाठ वाढली होती. गाठ साधीच, पण तिने वाट बंद केली. पोट नगाऱ्यासारखं फुगलं, एरंडेल दिलं तेही उलटून पडलं. शेवटी रत्नागिरीच्या इस्पितळात पोट फाडून गाठ काढली. नवरा मुंबईला गिरणीत, म्हणून सोबतीला मी राहिले.

डॉक्टर म्हणाले, "पोटातला वारा सरला की आतडं चालू झालं समजायचं. तोवर पाण्याचा थेंब नाही. नाहीच सरला, तर पुन्हा पोट उघडावं लागेल."

मामंजी पाण्यासाठी तळमळत होते. पण डॉक्टरांनी विचारलं की माझ्याकडे बघून 'नाही' अशी मान हलवायचे. दुपारी पांघरुणाखालून स्पष्ट आवाज आला. मी डॉक्टरांना बोलावून आणलं.

मामंजी म्हणाले, "खाट करकरली."

तोवर मी त्यांच्यापुढे कधी तोंड उघडलं नव्हतं. म्हटलं, "मामंजी, खाटेला असा वास येत नाही."

डॉक्टरांनी हसत पाणी द्यायला सांगितलं. भिंतीकडे तोंड करून ते प्यायले. म्हणाले, "घरी सांगू नको हो."

घरी मी आधी तेच सांगितलं. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.