वाघाटीचं अर्धं चित्र

भूमच्या स्टँडवर एसटीतून उतरले, तेव्हाच माळावर दोन-तीन ठिकाणी धूर दिसला. चैत्रात इथे शेताचे बांध पेटवतात. माझ्या धाकट्या भावाचा, दत्ताचा बांध अजून शाबूत होता. मी त्यासाठीच सोलापूरहून आले होते.

घरी माझं परसदार बारा फूट बाय नऊ फूट. तिथला पालापाचोळा मी जाळत नाही, वाफ्यांवर पसरते, आणि त्यातून जे उगवतं त्याचं चित्र काढते. पान जेवढं, कागदावर तेवढंच. शेजारी त्याला कचरा म्हणतात. म्हणोत. वाघाटी (वाघनखांसारख्या काट्यांची वेल, आषाढातल्या द्वादशीला उपास सोडताना हिच्या फळांची भाजी करतात) मात्र परसात कधी रुजली नाही. ती माहेरच्या बांधावरच आहे.

रात्री भावजय सुमनने भाकरी आणि शेंगाचटणी वाढली. सकाळी मी बांधावर सतरंजी टाकली. पहिल्याच फांदीने ब्लाउजची बाही फाडली. फूल पांढरं, शिळं झालं की गुलाबी होणारं. पुंकेसर एकोणचाळीस, दोनदा मोजले. फुलाचा रंग वाळतोय तोच दत्ता काडेपेटी घेऊन आला.

"अक्का, ऊठ आता. वारं पडलंय, तवर पेटवून घेतो."

"वारं पडलंय म्हणून तर पान हलत नाही. काम करू दे."

"काट्याकुट्याचं कसलं चित्र? बांध साफ नसला की उंदरं होत्यात. लोक नावं ठेवत्यात."

"मलाही ठेवतात. हे चित्र अर्धं आहे. फूल झालं, फळ राहिलं. एकाच कागदावर दोन्ही लागतात."

"फळ कवा येतंय?"

"आषाढात."

"मग आषाढापातूर हितंच बसतीस व्हय?"

"सतरंजी आणलीय."

तो हसला, पण काडेपेटी खिशात गेली नाही. मीही हलले नाही. वेल दरवर्षी जळते, मुळापासून फुटते, पण फळ धरायला उरत नाही, हे मी त्याला सांगत होते, तेवढ्यात सुमन चहा घेऊन आली.

"गेल्या द्वादशीला बाजारातून मूठभर वाघाटी आणली," ती नवऱ्याला म्हणाली, "ती बी किडकी. आन् आपली आपुनच जाळतोय. द्या ती काडेपेटी हिकडं, चुलीला न्हाय." तिने ती कमरेला खोचली.

"दोघी एक झाल्या," दत्ता म्हणाला.

"मी गेल्यावर पेटवलंस, तर हा अर्धा कागद तुझ्याच ओसरीत टांगीन. येईल त्याला कारण तू सांगायचं."

"धाकटा हाय म्हणून दम देतीस."

"व्हय."

तिसऱ्या प्रहरी परतीची एसटी धरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बांध धुमसत होते. धूर आत येऊ लागला तशी मी खिडकी लावली आणि कागदाची गुंडाळी मांडीवर घेतली.

घरी चित्र भिंतीवर लावलं. शेजारीण म्हणाली, "निम्मा कागद कोराच की. फळ अंदाजाने काढायचं."

मी अंदाजाने काढत नाही. उरलेलं चित्र बांधावर आहे. आषाढात रंग घेऊन जाईन. वेल दिसली नाही, तर ओसरी आहेच. रंगांच्या डब्यात खिळा आजच टाकून ठेवला आहे.