दोन मिनिटांची साक्ष

१९९६ च्या जानेवारीत, एका रविवारी सकाळी, संगमनेरजवळ प्रवरेच्या पाण्यात माझा बाप्तिस्मा झाला. माझ्या घरचे कोणी काठावर नव्हते.

मी तेव्हा एका दैनिकाचा वार्ताहर होतो. पत्नीला जाऊन दोन वर्षे झाली होती. मूलबाळ नव्हते. ती गेली त्या दुपारी मी साखर कारखान्याच्या निवडणुकीची बातमी फोनवरून देत होतो. दवाखान्यातून निरोप आला होता. बातमी संपवून निघालो आणि पोहोचलो तेव्हा तिच्यावर चादर ओढलेली होती. तिच्याजवळ वॉर्डातली एक आया बसली होती.

पुढे त्या मावशींचे आभार मानायला गेलो, तर त्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या. मीही गेलो आणि मागच्या सतरंजीवर बसलो. नंतर वर्षभर दर बुधवारी तिथेच बसलो. खोलीवर बोलायला कोणी नव्हते, हे एक कारण. दुसरे कारण मी कोणाला सांगितले नव्हते.

त्या मंडळीत बाप्तिस्मा घेणाऱ्याला आधी सभेत, आपण विश्वासात कसे आलो याची साक्ष द्यावी लागे. मी ती ऑफिसच्या कागदावर लिहून नेली: कधी आलो, कोणी आणले, काय ऐकले. दोन मिनिटांत वाचून खाली बसलो. कोणी 'आमेन' म्हणाले नाही.

"आरं बाबा, ही तर बातमी झाली," मावशी म्हणाल्या. "तुज्या जिवाचं सांग की."

"पेपरवाले हायेत मावशी, त्यांच्या जिवाची बी बातमीच आसंल," मागून एक बाई बोलल्या. लोक हसले.

मी पुन्हा उभा राहिलो. निरोप मिळाल्यावर वीस मिनिटे मी फोन सोडला नव्हता, हे सांगितले. हसणे थांबले. सभा चालवणाऱ्या पाळकांनी विचारले, "याची क्षमा मिळाली, असं वाटतं तुम्हाला?"

ऐकीव गोष्ट मी बातमीत घेत नसे. ही आधी स्वतःशी तपासली.

"मिळाली," मी म्हणालो.

तेव्हा आनंद झाला. इतका, की बसायचे विसरलो. मावशींनी हात धरून खाली बसवले.

बेलापूरला थोरल्या भावाला सांगायला मी स्वतः गेलो. ते उसाला पाणी देत होते.

"आपल्यात काय कमी हुतं तुला?"

"काही नाही, दादा."

"मंग?"

"एकटा पडलो होतो."

"आता पड म्हनावं एकटा," ते म्हणाले आणि बारे मोडून पाणी पुढच्या सरीत सोडायला गेले. मी बांधावर उभा राहिलो. ते परत वळले नाहीत. वहिनींनी चहा दिला, पण घरात बोलावले नाही.

बाप्तिस्म्याच्या दिवशी पाणी कमरेएवढे आणि थंड होते. काठावर मंडळीने भजन म्हटले, झांजा वाजल्या. मावशींनी अंगावर टॉवेल टाकला. त्यांची दुपारची ड्युटी असल्याने त्या लगेच गेल्या. बाकीचे आपापल्या घरी जेवायला गेले.

मी खोलीवर आलो, कुलूप काढले, ओले कपडे दोरीवर टाकले. काठावर म्हटलेले भजन मोठ्याने म्हणू लागलो. तिसऱ्या कडव्याला शेजाऱ्यांनी भिंत ठोकली. मी उरलेली दोन कडवीही म्हटली.