माईकवरच्या कांताताई

समोरच्याचं तोंड आपल्याकडं वळल्याशिवाय कांताताई बोलायला सुरुवातच करत नसत. मी जिंतूरच्या बसस्थानकावर कंडक्टर म्हणून नवी रुजू झाले, तेव्हा तिकिटाच्या मशीनवरची नजर न काढता त्यांना म्हणाले, "बोला ताई." त्या गप्प उभ्या. मी वर पाहिलं तशा म्हणाल्या, "तोंड हिकडं केलंस ना, आता सांगते." मला वाटलं, बाई भलत्याच तोऱ्यात आहेत.

नंतर कळलं. त्यांचे आईवडील दोघंही जन्मापासून मूकबधिर. झरीजवळच्या खेड्यातल्या त्या घरात सगळं बोलणं हातांनी आणि डोळ्यांनी चालायचं. कांताताईंना ऐकू चांगलं यायचं, पण शाळेत जाईपर्यंत त्या फारशा बोलल्याच नव्हत्या. शाळेतली पोरं त्यांना 'मुक्याची पोर' म्हणत. पुढं कित्येक वर्षं कंडक्टर म्हणून गाडीवर काढूनही त्यांचे शब्द जडच यायचे, एकमेकांत अडकायचे. मात्र भरल्या गाडीत कुणाला उतरायचंय, कुणाला मळमळतंय, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं.

मग त्यांना बढती मिळाली. खिडकीत बसून गाड्यांच्या नोंदी करायच्या आणि माईकवरून गाड्या पुकारायच्या. पहिल्याच दिवशी बाकांवरची माणसं एकमेकांकडं बघून हसली. संध्याकाळी एका जुन्या सहकाऱ्यानं मायेनंच सांगितलं, "ताई, नोंदी तुमी करा, माईक दुसऱ्याकडं द्या. घरात बोलणंच नव्हतं, तर जिभेला वळण लागणार कुठून? यात तुमचा काय दोष न्हाई."

हसणाऱ्यांचं त्यांना एवढं लागलं नव्हतं, जेवढं हे लागलं. "दोष न्हाई म्हणून गप बसू का?" त्या म्हणाल्या. "घर मुकं होतं, खरं हाय. त्याच घरात मी माणसाकडं बघायला शिकले. बोलायचं ऱ्हायलं, ते आता शिकते. दोन म्हैने द्या."

दुपारच्या सुट्टीत त्या मला गाड्या धुण्याच्या जागेकडं न्यायच्या. पाण्याचा आणि इंजिनांचा गोंगाट असायचा. मी लांब भिंतीशी उभी राहायची, त्या गावांची नावं पुकारायच्या. कळलं तर मी हात वर करायचा. सुरुवातीला माझा हात खालीच. एके दिवशी त्यांचा घसा बसलेला बघून मला राहवेना. काही कळलं नव्हतं, तरी मी हात वर केला. त्या तरातरा चालत आल्या.

"कोणतं गाव पुकारलं मी?"

मी हात खाली घेतला.

"खोटा हात करू नको ग. माझ्या बापानं हातानं कधी मला खोटं सांगितलं न्हाई."

त्यानंतर मी कधीच तसं केलं नाही. त्यांनीही एक दुपार चुकवली नाही. दोन महिन्यांनी माईक परत त्यांच्याकडं आला, तो निवृत्तीपर्यंत त्यांच्याकडंच राहिला.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपाला भाषणं झाली, हार झाले. मला मात्र त्यांचे वडील स्थानकावर आले होते तो दिवस आठवत राहिला. आई तोवर गेली होती. वडील धोतर, टोपी घालून, कापडी पिशवी घेऊन खिडकीसमोरच्या बाकावर बसले. आधी ते लेकीच्या ओठांकडं बघत होते. तिनं परभणीची गाडी पुकारली, तसं शेजारच्या बाईनं लेकरू उचललं, एकानं पोतं खांद्यावर घेतलं, कॉलेजच्या पोरी पळत सुटल्या. म्हातारा चमकला. पुढच्या गाडीला पुन्हा तेच. मग त्यांनी लेकीकडं बघणं सोडलं आणि माणसांकडंच बघत बसले.

थोड्या वेळानं ते खिडकीशी आले आणि हातवारे करून काहीतरी विचारू लागले. ताईंचे डोळे भरले.

"काय म्हणायलेत?" मी विचारलं.

"म्हणायलेत, ही सगळी माणसं तुझ्यामुळं उठायलीत का?"

"मग?"

"मी म्हणलं, व्हय. तर म्हणायलेत, अजून एकदा उठव."

पुढची गाडी सेलूची होती. ताईंनी पदरानं डोळे पुसले आणि माईक जवळ ओढला.